वाटीतले पाणी

आमच्या मुरुडला समुद्र नाही. हे वाक्य मला आयुष्यात किती वेळा उच्चारावे लागले याची गणती नाही. पुण्या-मुंबईकडच्या कोणालाही गावाचे नाव सांगितले की त्याचे डोळे लकाकतात आणि तो म्हणतो, "वा! जंजिरा! मासे काय सुरेख मिळत असतील!" मग त्या बिचाऱ्याला समजावून सांगावे लागते की ते मुरुड रायगड जिल्ह्यातले, आमचे मुरुड लातूर जिल्ह्यातले, लातूरहून बार्शीला जाणाऱ्या रस्त्यावरचे. आमच्याकडे समुद्र तर नाहीच, पण गोड्या पाण्याचेही असे की २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते.

गेल्या मार्गशीर्षात माझ्या धाकट्या भावाने पुण्यात एक फिरते घर भाड्याने घेतले, तेव्हा त्याच्या मालकानेही हेच केले म्हणे. मुरुड ऐकताच तो म्हणाला, "वाळूत लावू नका हं, चाके रुततात." धाकट्याने सांगितले, "वाळू नाही, काळी माती आहे." त्यावर मालक निर्धास्त झाला. तो देशावरचा नसावा. आमची काळी ज्याने पाहिली आहे त्याला हे ऐकून घाम फुटला असता.

फिरते घर म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला हवे. बाहेरून पाहावे तर एक उंच, पांढरी मोटारगाडी. आत शिरावे तर दोन पलंग, चहापुरती शेगडी, मोरी, कपाटे, एक छोटासा फ्रिज आणि (आमच्या मातोश्रींच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे) संडास. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली या कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरणही जाहीर केले आहे. साहेबाच्या देशात हा शौक जुना. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका डॉक्टराने १८८५ साली 'वाँडरर' नावाची घोड्यांची गाडी खास बांधवून घेतली आणि तिच्यात संसार थाटून तो केवळ मौजेखातर देश पाहत हिंडला. आमच्या मराठवाड्यात गाडीत संसार थाटणारे पिढ्यान्पिढ्या आहेत. पण घिसाडी काय किंवा ऊसतोडीला जाणारी कुटुंबे काय, त्यांना कोणी पर्यटक म्हणत नाही. मौजेखातर हिंडणे आणि पोटासाठी हिंडणे यांत एवढा फरक राहणारच.

असो. आमचे हिंडणे आईसाठी होते. तिला तेरला जाऊन गोरोबाकाकांचे दर्शन घ्यायचे होते, तिथून तुळजापूर आणि पुढे पंढरपूर. पूर्वी बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची गाडी मुरुडाहून डुलत डुलत थेट पंढरपुरास नेत असे. ती गाडी इतिहासजमा झाली, आईचे गुडघे थकले, आणि एस. टी.त बसून चार तास पाय लोंबकळत ठेवणे तिच्याच्याने होईना. म्हणून धाकट्याने ही युक्ती काढली. आमच्या चिरंजीवांचा तो प्रसिद्ध 'लातूर पॅटर्न' चालू असल्यामुळे सौभाग्यवतींनी येण्यास नकार दिला. म्हणजे उरलो आम्ही तिघे: आई, धाकटा आणि मी.

इथे एक गोष्ट उघड केली पाहिजे. त्याआधी दोन वर्षे धाकट्याचे आणि माझे धड बोलणे नव्हते. वडील गेल्यावर आईने सुचवले की मुरुडच्या घराचा पुढचा, रस्त्याकडचा भाग धाकट्याच्या नावे करावा आणि मागचा मला द्यावा. रस्त्याकडच्या भागाची किंमत दुप्पट. शिवाय धाकट्याच्या पुण्याच्या घरासाठी वडिलांच्या फंडातली मोठी रक्कम आधीच गेलेली. कागद तयार होता, फक्त माझी सही व्हायची होती आणि मी ती करीत नव्हतो. मराठी भाषेत 'कल' हा मोठा मार्मिक शब्द आहे. जमिनीचाही कल असतो आणि मनाचाही. आमच्या आईचा कल लहानपणापासून धाकट्याकडे. लाडू मोठा त्याला, दुधावरची साय त्याला, नवे दप्तर त्याला. घरोघरी हेच असते म्हणून मी सोडून देत आलो होतो. पण वयाच्या चाळिशीनंतर लाडवाऐवजी जमीन आली की सोडून देणे जड जाते.

मुरुडला गाडी आली त्या संध्याकाळी आईने ती बाहेरून सगळीकडे बोटांनी ठोकून पाहिली. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी थापटून कच्चे मडके कोणते ते ओळखले, अशी कथा आहे, त्याच अधिकाराने. मग म्हणाली, "पत्रा आहे. पडला तरी लागायचा नाही." तिचा हा शेरा आम्हा दोघांनाही नीट समजला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजण्याच्या थोडे आधी, किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली हजारो माणसे गेली, ती बहुतांशी त्यांच्याच घरांखाली. दगडमातीच्या हातभर जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच छप्पर झोपलेल्या माणसांवर कोसळले. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेले, गावे दमून गाढ झोपलेली. आमच्या घराला भेगांवर निभावले. पण त्या रात्रीपासून आईने एक नेम धरला. निजताना उशाशी पाण्याने भरलेली पितळी वाटी ठेवायची. रात्री जाग आली की आधी वाटीकडे पाहायचे. पाणी हलत नसले तर पुन्हा डोळे मिटायचे. तीस वर्षांवर होऊन गेली, तो नेम चुकलेला नाही.

तेरला आम्ही दिवस कलता पोचलो. गोरोबाकाकांच्या समाधीचे दर्शन झाले. तेर म्हणजे जुने तगर. ग्रीक व्यापाऱ्यांनाही हे नाव ठाऊक होते. तिथली विटांची देवळे पाहण्यासारखी आहेत. तिथल्या जुन्या विटा इतक्या हलक्या की पाण्यात टाकल्या तर तरंगतात. विटेच्या पोटात हवा असते म्हणून. हवेचा हा महिमा मला तेव्हा केवळ चमत्कारिक वाटला. रात्रीपर्यंत तोच आमच्या उपयोगी पडायचा होता.

गावाबाहेर एका शेतकऱ्याची परवानगी काढून त्याच्या बांधालगत आम्ही गाडी लावली. आईने पलंगावर अंथरूण घातले, पिशवीतून पितळी वाटी काढली, पाण्याने भरली आणि उशाशी फळीवर ठेवली. ठेवली मात्र, तिचा चेहरा बदलला. वाटीच्या एका काठाला पाणी टेकले होते, समोरच्या काठाला अर्ध्या बोटाएवढी वाटी कोरडी.

"ह्यात मी निजायची नाही," ती म्हणाली. "हे घर कलंडलंय."

मी तिला समजावू लागलो की पाणी कधीच तिरपे नसते, ते सरळच असते. तिरपी असते ती वाटी. विद्वत्तेचा काही उपयोग झाला नाही. पण आईचे खरे होते. गवंडी याला पाणसळ म्हणतात. आडवी रेघ सरळ आहे की नाही ते शेवटी पाणीच सांगते. आमची उजवीकडची चाके डावीपेक्षा नऊ सेंटिमीटर खाली होती. दोन्हीकडच्या चाकांत अंतर पावणेदोन मीटर. म्हणजे गाडी तीन अंशांनी कललेली. तीन अंश ऐकायला किरकोळ वाटतात. पण अशा गाडीत निजल्यावर रात्रभर माणूस भिंतीकडे घरंगळतो, मोरीचे पाणी जाळीकडे न जाता कोपऱ्यात साचते आणि कपाटाची दारे आपोआप उघडतात. परदेशी गाड्यांतून जे गॅसवर चालणारे फ्रिज असतात त्यांना तर कल मुळीच सोसत नाही. स्वीडनमधल्या प्लॅटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली शोधलेल्या त्या यंत्रात हलणारा भागच नाही. आतला अमोनिया नळ्यांमधून आपल्या वजनाने उतारावरून परततो. उतारच चुकला की तो अडून बसतो आणि थंडावा बंद होतो. आमच्या गाडीतला फ्रिज साधा, घरच्यासारखा होता. अडून बसली होती ती आई.

धाकट्याने मागचे दार उघडून दोन जाड रबरी पिशव्या काढल्या. आकाराने बसायच्या पाटाएवढ्या, हवा नसताना चपट्या. कृती अशी : पिशवी जमिनीवर चाकासमोर पसरायची, गाडी हळूच पुढे घेऊन चाक तिच्यावर चढवायचे, हातब्रेक लावायचा, बाकीच्या चाकांना अडसर द्यायचे, आणि मग पिशवीत पंपाने हवा भरायची. पिशवी फुगते, चाक वर येते.

"अरे, एकेका चाकावर आठ-नऊशे किलो भार आहे," मी म्हणालो. "हवेने काय होणार?"

"दादा, टायरात तरी काय भरलेलं असतं?"

दोन वर्षांत तो माझ्याशी एवढे सरळ प्रथमच बोलला. आणि त्याचेच बरोबर होते. नऊशे किलोंचा भार नऊशे चौरस सेंटिमीटरांवर पसरला तर दर चौरस सेंटिमीटरला अवघा एक किलो दाब पुरतो. सायकलच्या चाकात याच्या तिप्पट असतो. पास्कल नावाच्या फ्रेंच गृहस्थाने साडेतीनशे वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे की कोंडलेल्या द्रवावर किंवा वायूवर दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पसरतो. सुतळीएवढ्या नळीतून गेलेली हवा रुंद पिशवीत सगळीकडून रेटू लागते, म्हणूनच तेवढ्या हवेवर गाडी उचलली जाते.

एवढ्यात शेताचा मालक कंदिलासारखी विजेरी हलवीत आला. त्याने चाकाखालची माती पायाने दाबून पाहिली आणि मान हलवली. "सर, आठ दिसाखाली अवकाळी झालाय. वरून वाळल्यावानी दिसती, पर आत वल हाय. नुस्ती पिशवी ठिवली तर भसकन खाली जातंय." मग त्यानेच दोन रुंद फळ्या आणून दिल्या, फळ्यांवर पोते अंथरले आणि म्हणाला, "हितं समदी बाभळ हाय. काटा बघून घ्या." आम्ही विजेरीच्या उजेडात काटे वेचले. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यावर काही सपाट ठेवायचे म्हणजे पायाखाली फळी हवी, हे पुस्तकात न वाचता त्याला ठाऊक होते.

पंप घरघरला. मी आत वाटीपाशी उभा राहिलो. पाणी हळूहळू कोरड्या काठाकडे सरकू लागले. "थोडं अजून... अजून... पुरे!" मी ओरडलो. आईने वाकून पाहिले, वाटी एकदा फिरवून पुन्हा पाहिले, आणि एक शब्दही न बोलता पांघरूण ओढून घेतले. आम्हा दोघा भावांना एकाच वेळी हसू आले. एकाच वेळी हसण्याचीही सवय मोडली होती.

पहाटे आईच्या हाकेने मी दचकून उठलो. "उठा रे! पाणी हललं!"

घड्याळात चार वाजायला दहा मिनिटे होती. आई पलंगावर बसली होती, वाटी दोन्ही हातांत धरून, आणि हात असे थरथरत होते की आता पाणी खरोखरच हलत होते. मी वाटी घेऊन फळीवर ठेवली. पाणी हलत नव्हते. पण पुन्हा कलले होते, संध्याकाळच्या निम्म्याने.

मी ताबडतोब व्याख्यान दिले. पहाटेच्या गारठ्याने हवा आकुंचन पावते, सबब पिशवी बसली, घाबरण्याचे कारण नाही. धाकटा काही न बोलता विजेरी घेऊन खाली उतरला. मिनिटभराने त्याचा आवाज आला, "दादा, थंडीनं एवढं होत नाही. काटा आहे. हवा निसटतेय."

त्याचे पुन्हा बरोबर होते. वीस अंशांच्या गारठ्याने नऊ सेंटिमीटरांतले जेमतेम अर्धा सेंटिमीटर कमी होते, हे मी सवडीने हिशेब केला तेव्हा पटले. खाली तो दुसरी पिशवी लावायच्या खटपटीला लागला. दरम्यान आईने खाली उतरून शेतात बसावे म्हणून मी तिचा हात धरला, तर तिने माझाच हात घट्ट पकडला.

"तेव्हाही तुझाच धरला होता," ती म्हणाली.

मला काही कळेना. मग तिने सांगितले. बाहेर पंप घरघरत होता, म्हणून तिला सांगता आले असावे.

त्या रात्री वडील नोकरीच्या गावी होते. मी अकरा वर्षांचा, दाराशी निजलेलो. धाकटा चार वर्षांचा, आत भिंतीशी. घर गडगडले, माळवदातून माती गळू लागली, दिवा नाही. आईने अंधारात हात घातला. हाताला लागलो मी. ती मला ओढीत अंगणात आली. "आणि बाहेर आल्यावर बघते तर दुसरा हात रिकामा. तू चालता होतास रे. हाक मारली असती तरी पळत आला असतास. उचलायचा होता तो. मी त्याला आत ठेवून आले." ती परत आत गेली. धाकटा मातीने माखून तसाच झोपलेला होता. उशाच्या वीतभर अंतरावर वरचा दगड पडला होता. "दोन-चार निमिषं असतील. पण ती मी कुठं ठेवू? त्याच्या वाट्याचं काहीतरी राहिलंय असंच मला वाटतं. भरून काढते, भरून काढते, पण पुरं होत नाही."

मी गप्प बसलो. इतकी वर्षे मी लाडू मोजले होते. एका बाजूला सारखे भरत राहावे असे आईला का वाटते, हे मात्र कधी विचारले नव्हते. आणि हेही खरे की हाताला लागलो होतो मी. जिला बाकी कशाचे भान नव्हते तिने पहिला ओढून काढला होता तो मला. तेवढे मला पुरायला हरकत नव्हती.

पाणी पुन्हा मध्यावर आले. धाकटा वर चढून हात पुसत म्हणाला, "झालं. आता फळीवर विटा रचून ठेवल्यात. हवेला काटा लागतो, विटेला नाही." शेतकऱ्याच्या गोठ्यामागच्या विटा होत्या त्या. आईने दोघांनाही चहा करायला लावले आणि उजाडेपर्यंत आम्ही तिघे जागेच राहिलो.

पंढरपुरात आईने धाकट्यालाही सारे सांगितले. म्हणूनच मी ते इथे लिहिण्याचे धाडस करतो. तिची आणि त्याची दोघांची परवानगी घेतली आहे. चंद्रभागेच्या वाळवंटात त्याने सगळे ऐकले, थोडा वेळ नदीकडे पाहत राहिला, आणि म्हणाला, "मला त्यातलं काही आठवत नाही, आई. मी झोपलो होतो. म्हणजे ते सगळे मोठे लाडू त्यापायी होते होय? मला वाटलं, मी दिसायला बरा म्हणून!" आई रडता रडता हसली आणि त्याच्या पाठीत धपाटा घातला. रात्री मी बाहेर येऊन पाहिले तर तो गाडीच्या पायरीवर एकटाच बसला होता. मी शेजारी बसलो. बोललो काही नाही.

परत आल्यावर मी त्या कागदावर सही केली. धाकट्याने तो घेतला खरा, पण महिन्याभराने दुसराच कागद करून पाठवला: पुढचा भाग दोघांच्या नावे, मागचाही दोघांच्या नावे. वकिलाने म्हणे त्याला विचारले, मग वाटणी ती काय झाली? यावर त्याचे उत्तर काय होते ते मला कळलेले नाही.

आईची वाटी अजून उशाशी असते. तो नेम सुटावा असे मला वाटत होते, पण तसे काही झाले नाही. मग वाटले, राहू दे. परवा फराळाला बसलो तेव्हा धाकटा पुण्याहून आलेला होता. आईने ताटे वाढली. त्याच्या ताटात माझ्यापेक्षा दोन करंज्या जास्त होत्या. मोजण्याची माझी सवयही सुटलेली नाही. मी त्याच्याकडे पाहिले, त्याने माझ्याकडे पाहिले, आणि आईची पाठ फिरताच त्याने त्यातली एक उचलून माझ्या ताटात टाकली.